७७००, ७६००, ७५००: ट्रान्सपाँडरचा इमर्जन्सी कोड कधी लावायचा आणि कधी नॉबला हातच लावायचा नाही

कराडला आरटीआरची, म्हणजे विमानातला रेडिओ वापरायच्या परवान्याच्या परीक्षेची, तयारी करायला माझ्याकडं जी पोरं येतात, विट्याची, तासगावची, साताऱ्याची, त्यांना मी पहिल्याच दिवशी एक प्रश्न टाकतो. तुम्ही ४५०० फुटांवर आहात, कोल्हापूर टॉवरशी बोलणं चालू आहे, त्यांनी तुम्हाला ट्रान्सपाँडरवर, म्हणजे रडारला उत्तर देणाऱ्या डब्यावर, लावायला एक चार आकडी कोड दिलाय आणि तो लावलेला आहे, आणि अचानक इंजिन खडखडायला लागलं. पहिलं काय करणार? बहुतेक जण सांगतात, ७७०० लावणार. हे उत्तर दोन ठिकाणी चुकतं. एकतर ते पहिलं काम नाही, आणि दुसरं म्हणजे या परिस्थितीत तो कोड लावायची बहुधा गरजच नाही. तीन आकडे पाठ असतात, ७७०० म्हणजे संकट, ७६०० म्हणजे रेडिओ गेला, ७५०० म्हणजे विमान पळवलं, पण कधी, कुठल्या क्रमानं आणि कुणासाठी हे डोक्यात बसलेलं नसतं, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून काढतोय.

एक गोष्ट आधी पक्की करा. इमर्जन्सी कोड म्हणजे ज्याला तुमचा आवाज ऐकू येत नाहीये किंवा ज्याला तुम्ही कोण ते माहीतच नाही, त्याच्यासाठी वर केलेला हात. जो आधीच तुमच्याशी बोलतोय त्याला हात दाखवायची गरज नसते, त्याला तोंडानं सांगायचं असतं. खालच्या सगळ्या पायऱ्या यावरच उभ्या आहेत.

## पायरी १: जमिनीवर असतानाच करायची तयारी

ट्रान्सपाँडर स्वतःहून काही पाठवत बसत नाही, निदान साधा मोड ए आणि मोड सी वाला तरी. खालचं रडार १०३० मेगाहर्ट्झवर विचारतं आणि तुमचा डबा १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देतो. मोड ए मध्ये फक्त चार आकडी कोड जातो, मोड सी मध्ये १०० फुटांच्या टप्प्यानं उंची जाते, मोड एस मध्ये विमानाची स्वतःची कायमची ओळख पण जाते. प्रत्येक आकडा ० ते ७ मधलाच असतो, म्हणून एकूण कोड ४०९६. पॅनलवर ८ आणि ९ शोधणारी पोरं मी बघितलीत, ते तिथं नसतातच.

उड्डाणाआधी एवढं करा:

१. तुमच्या विमानातला ट्रान्सपाँडर चार नॉबचा जुना आहे का बटणांचा नवा आहे ते बघा आणि त्याचं मॅन्युअल वाचा. बऱ्याच नव्या डब्यांत चारही आकडे दाबून झाल्यावरच कोड बदलतो, जुन्यात प्रत्येक नॉब फिरवताना मधला प्रत्येक कोड बाहेर जाऊ शकतो. पुढं पायरी ४ मध्ये याचाच घोळ आहे.

२. एसटीबीवाय (स्टँडबाय, काहीच पाठवत नाही), ऑन आणि एएलटी (उंचीसकट) या मोड नॉबच्या तीन जागा अंधारातही हाताला सापडल्या पाहिजेत. ऑनवर ठेवलात तर कोड जातो पण उंची जात नाही. हवेत एएलटीवरच पाहिजे.

३. उत्तर दिल्यावर लुकलुकणारी छोटी लाइट किंवा स्क्रीनवरचं आर अक्षर कुठं आहे ते बघून ठेवा. ती लुकलुकतेय म्हणजे कुणीतरी विचारतंय, रडार असेल किंवा जवळच्या मोठ्या विमानाची टक्कर टाळणारी यंत्रणा असेल. ती अजिबात लुकलुकत नसेल तर तुमचा ७७०० कुणीच बघत नाहीये असं धरून चाला.

४. नीपॅडवर, म्हणजे मांडीला बांधायच्या पाटीवर, हाताशी असलेल्या फ्रिक्वेन्सी लिहा आणि सगळ्यात खाली मोठ्या अक्षरात १२१.५, संकटासाठी ठरलेली फ्रिक्वेन्सी.

आपल्या भागासाठी एक खास गोष्ट, ही नीट वाचा. कराडहून पुणे हवाई अंतरानं साधारण १४० किलोमीटर आहे आणि मध्ये डोंगर आहेत. रडार सरळ रेषेत बघतं, डोंगराच्या आड बघत नाही. कृष्णेच्या खोऱ्यात जमिनीपासून हजार-दीड हजार फुटांवर उडत असाल तर आपण कुणाच्या तरी स्क्रीनवर आहोत असं गृहीतच धरू नका, आणि पाटण-कोयनेकडं खोऱ्यात घुसलात तर अजिबातच नको. इथं खालच्या उंचीवर आवाजावर जास्त भिस्त ठेवायची, कोडवर कमी.

तपासा: इंजिन चालू करायच्या आधी डोळे मिटून रेडिओच्या आवाजाचा नॉब, ट्रान्सपाँडरचा मोड नॉब आणि आयडेंटचं बटण (ते दाबलं की रडारच्या स्क्रीनवर तुमचा ठिपका उठून दिसतो) बोटानं शोधता येतंय का? नसेल येत तर पाच मिनिटं कॉकपिटमध्ये नुसतं बसा.

## पायरी २: काही झालं की आधी विमान

पहिलं विमान उडवा, मग कुठं जायचं ते ठरवा, मग बोला, आणि कोड त्याच्याही नंतर. हे सगळ्यांना पाठ असतं पण घाबरल्यावर हात पॅनलकडं जातो कारण बटण दाबणं सोपं असतं.

हिशोब करून बघा. सेसना १७२ एस चा बेस्ट ग्लाइड स्पीड, म्हणजे इंजिनाशिवाय सगळ्यात लांब तरंगत जायचा वेग, ६८ नॉट. इंजिन बंद पडलं तर जमिनीपासून २००० फुटांवर तुमच्याकडं साधारण अडीच मिनिटं असतात. त्यात स्पीड धरायचा, वारा बघायचा, शेत निवडायचं, फ्युएल सिलेक्टर, मिक्स्चर, मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारा भाग) बघायचं, मेडे म्हणजे संकटाची हाक द्यायची. आपल्याकडं ऊस उभा असेल तर वरून हिरवंगार सपाट दिसतं पण ते पीक माणसापेक्षा उंच असतं, त्यामुळं तोडणी झालेलं रान शोधायचं, सरीच्या दिशेनंच उतरायचं आणि विजेच्या तारा बघायच्या, चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठाराकडं असाल तर पवनचक्क्या पण. यातल्या कुठल्याही कामातनं दहा सेकंद काढून ट्रान्सपाँडरला द्यायची असतील तर आधीची कामं झालेली पाहिजेत.

टेकऑफनंतर ४०० फुटांवर इंजिन गेलं तर ट्रान्सपाँडरकडं बघायचंच नाही. नाक खाली, समोरचं रान, बस. त्या वेळेला कोड लावून कुणाचंही काही भलं होत नाही.

सावध: इन्स्ट्रक्टर शेजारी असेल तर त्याला स्पष्ट सांगा, सर, विमान तुम्ही घ्या, रेडिओ मी बघतो. दोघांनी मिळून एकाच नॉबकडं हात नेला आणि विमान कुणीच उडवत नाही, ही खरी भीती.

## पायरी ३: आपण कुणाशी बोलतोय का आणि कोड दिलेला आहे का

सगळ्यात जास्त चुका इथंच होतात, म्हणून सावकाश घेऊ.

एटीसीशी, म्हणजे जमिनीवरच्या हवाई वाहतूक नियंत्रणाशी, बोलणं चालू आहे आणि त्यांनी कोड दिलेला आहे. आंतरराष्ट्रीय नियम साफ आहे, एटीसीनं दिलेला कोड इमर्जन्सीतही तसाच ठेवायचा, ते बदला म्हणेपर्यंत. कारण त्या चार आकड्यांवरनं त्यांच्या स्क्रीनवर तुमचं नाव बांधलेलं आहे, कोण, कुठनं, कुठं चाललाय सगळं. तुम्ही ७७०० लावला की अलार्म वाजेल हे खरं, पण तुमची ओळख त्यांना परत जुळवून घ्यावी लागू शकते आणि ज्याला हे सांगायचं होतं तो तर आधीच तुमच्या कानात आहे. मेडे द्या, ते म्हणाले स्क्वॉक ७७००, म्हणजे ७७०० लावा, तर लगेच लावा.

यालाही सूट आहे. ७७०० लावणंच जास्त बरं असं मानायला पायलटकडं ठोस कारण असेल तर तो कधीही लावू शकतो. म्हणजे बोलणं मध्येच तुटायला लागलंय, फ्रिक्वेन्सीवर इतकी गर्दी आहे की तुम्हाला शिरता येत नाही, किंवा तीनदा हाका मारल्या आणि उत्तर नाही. अशा वेळी कुणी परवानगी देईल म्हणून थांबू नका. नियम आहे म्हणून जुना कोड धरून बसलो हे कारण कुणी विचारणार नाही, आणि नियमातही तसं लिहिलेलं नाही.

कुणाशीच बोलत नाही, किंवा कोड दिलेलाच नाही. मग विचार करायचा नाही. विमान ताब्यात आलं की ७७०० आणि एएलटी, आणि सोबत १२१.५ वर मेडे. ज्याच्याकडं रडार आहे त्याला अनोळखी ठिपका एकदम वेगळा दिसायला लागतो.

त्रास आहे पण जीव टांगणीला नाही. प्रवाशाला उलट्या होतायत, एक मॅग्नेटो रफ आहे पण विमान उंची धरतंय, वाट चुकल्यासारखं वाटतंय. याला पॅन पॅन, म्हणजे मेडेच्या खालची तातडीची हाक, तीनदा. बोलणं चालू असेल तर कोडला हात लावू नका. पण वाट चुकलीय आणि उत्तर कुणीच देत नाहीये, तर तो प्रकार हळूहळू वरच्या वर्गात चाललाय, तिथं ७७०० लावायला लाजू नका.

इंधन. यावर भयंकर गोंधळ आहे. मिनिमम फ्युएल म्हणणं ही इमर्जन्सी नाही, त्याचा अर्थ एवढाच की ठरलेल्या ठिकाणीच उतरावं लागेल आणि आता आणखी उशीर झाला तर शेवटच्या राखीव इंधनाला हात लागेल. त्याला कोड नाही. जवळच्या सुरक्षित मैदानावर उतरताना टाकीत राखीवपेक्षा कमी उरणार हे हिशोबानं दिसायला लागलं की मग मेडे मेडे मेडे फ्युएल. कोडचं परत तेच, बोलताय का नाही त्यावर.

आता मेडेचा क्रम. कुणाला हाक, तुमचा कॉलसाइन (रेडिओवरचं विमानाचं नाव), काय झालंय, काय करणार आहात, कुठं आहात, किती उंचीवर, कुठल्या दिशेला, विमानात माणसं किती. असं:

मेडे मेडे मेडे, कोल्हापूर टॉवर, व्हिक्टर टँगो आणि पुढचा कॉलसाइन, इंजिन फेल्युअर, फोर्स्ड लँडिंग, फाइव्ह माइल्स ईस्ट ऑफ कराड, फोर थाउजंड फीट, हेडिंग वन फोर झिरो, टू ऑन बोर्ड.

पोरं यात ठिकाण विसरतात. मी मुद्दाम रस्त्यानं चालता चालता विचारतो, आत्ता मेडे द्यायचा तर ठिकाण काय सांगशील, आणि बिचारे प्रीतिसंगमापाशी उभे असून अडखळतात. हवेत दर पाच मिनिटांनी स्वतःला हा प्रश्न विचारायची सवय लावा.

तपासा: मेडे गेला का? उत्तर आलं का? उत्तर नाही तर १२१.५. तिथंही नाही तर ७७०० लावा आणि मेसेज परत द्या, उंची जितकी जास्त तितका तो लांब जातो, म्हणून हे खाली येण्याआधी करा.

## पायरी ४: कोड प्रत्यक्ष लावताना

जुन्या चार नॉबच्या डब्यात धोका असा. समजा तुम्ही २७०० वर आहात आणि ७२०० लावायला सांगितलं. पहिला नॉब आधी फिरवलात तर मध्ये ७७०० तयार होतो, आणि खाली कुणाच्या तरी स्क्रीनवर इमर्जन्सी पेटते. म्हणून दुसरा आकडा आधी बदला, २२००, मग पहिला, ७२००. साधा नियम लक्षात ठेवा, नवा कोड ७ नं सुरू होणार असेल तर पहिला आकडा सगळ्यात शेवटी फिरवायचा, आणि आत्ताचा कोडच ७ नं सुरू होत असेल तर सगळ्यात आधी तोच बदलायचा.

काही जण कोड बदलताना एसटीबीवायवर टाकतात. त्यानं मधले कोड जात नाहीत हे खरं पण मग परत एएलटीवर आणायचं विसरतात आणि विमान स्क्रीनवरनं गायब. इमर्जन्सीत ही चूक महागात पडेल. तुमच्या डब्याचं मॅन्युअल काय म्हणतं तेच करा, पण कोड लावल्यावर मोड नॉबकडं एकदा बघायचंच.

आयडेंटचं बटण एटीसी म्हणेल तेव्हाच दाबायचं. आपण घाबरलोय म्हणून ते सारखं दाबत राहिलात तर कुणाला काही जास्त कळत नाही.

आकडे लक्षात ठेवायला मी पोरांना सांगतो, पाच म्हणजे पळवलं, सहा म्हणजे संवाद संपला, सात म्हणजे संकट. सहा आणि सात दोन्ही स वरनं सुरू होतात म्हणून तिथं गल्लत होते, तेव्हा असं धरा, रेडिओ गेला तरी विमान उडतंय, लहान आकडा, सहा. विमानावरच बेतलं, मोठा आकडा, सात.

## पायरी ५: ७६००, रेडिओ गेला असं वाटल्यावर

वाटल्यावर म्हणतोय कारण बरेचदा रेडिओ गेलेलाच नसतो. ७६०० लावायच्या आधी हे सगळं बघा, एक मिनिट लागतं:

१. आवाजाचा नॉब आणि स्क्वेल्च (रेडिओची खरखर दाबणारी सोय). स्क्वेल्च उघडल्यावर खरखर येते का? आली म्हणजे ऐकू येण्याची बाजू जिवंत आहे.

२. हेडसेटच्या पिना. गुडघा लागून सैल होतात. इन्स्ट्रक्टरचा हेडसेट किंवा विमानातला हातातला माइक असेल तर तो लावून बघा.

३. ऑडिओ पॅनलवर बरोबर कॉम (बोलायचा रेडिओ) निवडलाय का.

४. फ्रिक्वेन्सी बरोबर लावलीय का. आत्ताच बदलली असेल तर आधीच्यावर जाऊन विचारा.

५. तुमचंच माइकचं बटण अडकलंय का. ट्रान्समिटची खूण सतत दिसत असेल तर हेच. तेव्हा तुम्ही फ्रिक्वेन्सी सगळ्यांसाठी बंद करून बसलेले असता.

६. दुसरा कॉम, मग १२१.५.

७. सर्किट ब्रेकर. उडालेला असेल तर एकदाच परत दाबा, परत उडाला तर सोडून द्या, वास किंवा धूर असेल तर एकदाही नको.

८. ॲमीटर आणि लो व्होल्टेजची लाइट.

हा आठवा मुद्दा शेवटी लिहिलाय पण लाइट लागलेली दिसली तर सगळ्यात आधी तोच बघा. अल्टरनेटर गेला असेल तर रेडिओही बॅटरीवर आणि ट्रान्सपाँडरही त्याच बॅटरीवर. बॅटरी संपली की ७६०० पण जाणार नाही, म्हणजे बोलायची आणि कोड पाठवायची खिडकी एकत्रच बंद होते. म्हणून लाइट लागल्यावर ताबडतोब एटीसीला काय झालंय आणि काय करणार ते सांगून टाका, नको असलेल्या लाइटी आणि दुसरा रेडिओ बंद करा. रेडिओ मरायची वाट बघून मग ७६०० शोधणं ही चूक मी फार ऐकलीय.

सगळं करूनही बोलणं होत नाही, तर ७६०० लावा आणि नीपॅडवर वेळ लिहा. ती वेळ पुढं लागते. साध्या डोळ्यांनी दिसणाऱ्या हवेत असाल तर तशाच हवेत राहायचं, जवळच्या योग्य मैदानावर उतरायचं आणि उतरल्यावर सगळ्यात लवकर होईल त्या मार्गानं एटीसीला कळवायचं. ढगात, इन्स्ट्रुमेंटवर असाल तर शेवटचा दिलेला स्पीड आणि लेव्हल धरायची, रडार असलेल्या भागात साधारणपणे ७ मिनिटं आणि नसलेल्या भागात २० मिनिटं, मग फाइल केलेल्या फ्लाइट प्लॅनप्रमाणं. ते ७ मिनिटं मोजताना ७६०० कधी लावला हेही धरतात, म्हणून वेळ लिहा म्हटलं.

७६०० लावला म्हणून बोलणं थांबवायचं नाही. ट्रान्समिटिंग ब्लाइंड म्हणून आपली जागा, उंची आणि इरादा दोनदा सांगत राहा, कदाचित तुम्हाला ऐकू येत नसेल पण त्यांना येत असेल. आणि उलटंही होतं, तुम्हाला ऐकू येतंय पण तुमचा आवाज जात नाही. ७६०० दिसला की कंट्रोलर हेच तपासतो, तो म्हणेल ऐकू येत असेल तर आयडेंट दाबा किंवा अमुक कोड लावा. तुम्ही केलंत की त्याला कळलं, आणि मग पुढचं सगळं काम आयडेंटवर आणि कोड बदलण्यावर चालू शकतं. म्हणून कान उघडे ठेवा, हेडसेट काढून मांडीवर ठेवू नका.

टॉवर असलेल्या मैदानावर येताना लाइटकडं बघा. हवेत असताना:

- स्थिर हिरवा: उतरायला परवानगी.
- स्थिर लाल: दुसऱ्याला वाट द्या, चक्कर चालू ठेवा.
- लुकलुकता हिरवा: उतरण्यासाठी परत या, परवानगी नंतर मिळेल.
- लुकलुकता लाल: मैदान सुरक्षित नाही, उतरू नका.
- लुकलुकता पांढरा: याच मैदानावर उतरा आणि एप्रनकडं, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेकडं, जा.

समजलं हे दिवसा पंख हलवून सांगायचं, पण बेस आणि फायनलवर, म्हणजे उतरायच्या शेवटच्या दोन टप्प्यांत, पंख हलवायचे नाहीत. रात्री लँडिंग लाइट दोनदा चालू-बंद.

सावध: रेडिओही गेला आणि इंजिनही गेलं तर ७७००. एका वेळी एकच कोड जातो, मोठं संकट निवडा.

## पायरी ६: ७५००

हा फक्त विमान पळवण्याचा प्रसंग, जबरदस्तीनं कुणीतरी ताबा घेतलाय तेव्हाचा. शिकाऊ विमानात याची वेळ येणं अवघड पण दोन गोष्टी माहीत पाहिजेत. एक, कंट्रोलर नुसतं विचारेल की तुम्ही ७५०० लावलाय याची खात्री करा. खरंच तसं असेल तर हो म्हणायचं, किंवा बोलणं धोक्याचं असेल तर काहीच बोलायचं नाही. गप्प राहणं म्हणजेच हो असं तिकडं धरलं जातं. दोन, याचाच उलटा अर्थ, चुकून लागला असेल आणि तुम्ही उत्तर द्यायला उशीर केलात तर ते खरं समजतील. नोव्हेंबर २०१९ मध्ये ॲमस्टरडॅमच्या स्किफोल विमानतळावर उभ्या विमानातनं अशी सूचना चुकून गेली आणि विमानतळाचा काही भाग बंद करावा लागला होता.

७५०० लावणं जमणार नाही किंवा परिस्थितीच तशी असेल तर ७७०० चालतो.

## पायरी ७: चुकून लागला तर, आणि संकट टळल्यावर

चुकून ७७०० किंवा ७६०० लागला तर गुपचूप बदलून गप्प बसू नका. लगेच बरोबर कोड लावा आणि लगेच सांगा की चुकून लागला होता, सगळं ठीक आहे. खाली कुणीतरी तोपर्यंत फोन उचललेला असतो.

खरंच मेडे दिला होता आणि इंजिन परत सुरळीत झालं, तर त्याच फ्रिक्वेन्सीवर कॅन्सल डिस्ट्रेस म्हणून सांगायचं. कोड मात्र स्वतःहून परत फिरवायचा नाही, एटीसी सांगेल तो लावायचा. बोलणंच होत नसेल तर उतरेपर्यंत तसाच ठेवा.

रानात उतरलात तर ट्रान्सपाँडरचं काम संपलं, जमिनीवरनं तो बहुधा कुणाला दिसणार नाही. आता ईएलटी, म्हणजे अपघातानंतर आपली जागा कळवणारा ट्रान्समीटर, ४०६ मेगाहर्ट्झवाला. आपटल्यावर तो आपोआप चालू व्हायला पाहिजे पण सावकाश उतरलात तर होणार नाही, मदत पाहिजे असेल तर पॅनलवरचा स्विच हातानं ऑन करा. आधी माणसं बाहेर काढा, मग मोबाइलनं ट्रेनिंगच्या ठिकाणी आणि जवळच्या एटीसीला कळवा. शोध सुरू झालेला असतो आणि तो थांबवायला तुमचाच फोन लागतो.

आणि सरावाबद्दल. हे कोड खऱ्या चालू ट्रान्सपाँडरवर लावून बघायचे नाहीत, हवेत नाही आणि एप्रनवर पण नाही. एव्हिऑनिक्स बंद ठेवून किंवा घरी पुठ्ठ्यावर पॅनल काढून करा. माझ्याकडं पुठ्ठ्याचे चार गोल आहेत, मध्ये टाचणी, कडेला ० ते ७. एकानं ओरडायचं, कोड २७०० आहे, रेडिओ गेला, आणि दुसऱ्यानं आधी वरची आठ कामं मोठ्यानं म्हणायची, मगच पुठ्ठ्याला हात लावायचा, दुसरा नॉब आधी सहावर आणि मग पहिला सातावर. हात आधी गेला तर पहिल्यापासून.